इमानी आणि इमानदार

आपल्या कवितेत एक शब्द फार लाडका झाला आहे. इमानी. जयंतीच्या विशेषांकात तो हमखास येतो. बापाशी इमानी, निळ्याशी इमानी, रक्ताशी इमानी. लिहिणाऱ्याच्या मनात खोट नाही. खोट शब्दात आहे. म्हणून आधी शब्द तपासू.

आपल्या वर्धेकडं इमानी कोणाला म्हणतात? कुत्र्याला म्हणतात. बैलाला म्हणतात. पाटलाच्या सालदाराला म्हणतात, 'गडी मोठा इमानी हाय.' पण खुद्द पाटलाला कोणी इमानी म्हटलेलं तुम्ही ऐकलं? गिरणीच्या मालकाला? नाही. मालक मजुरीत खात नसेल, मापात मारत नसेल, तर तो 'इमानदार'. म्हणजे इमानदार कोणीही होऊ शकतो, पाटीलही आणि गडीही. इमानी मात्र खालच्यानंच व्हायचं. शब्द दोन, मूळ एक, आणि मधात अख्खी गावकी उभी आहे.

मूळ शब्द अरबी. ईमान म्हणजे श्रद्धा. 'दार' फारसी, म्हणजे धारण करणारा. जमीनदाराजवळ जमीन, तसं इमानदाराजवळ इमान. (सालदार तेवढा फसवा. साल त्याच्या हाती नसतं, तोच सालाच्या हाती असतो.) इमानदाराचं इमान त्याच्या स्वतःच्या मुठीत. इमानी माणसाचं इमान मालकाच्या खुंटीला टांगलेलं.

आता आपलीच एक आख्यायिका घ्या. बिदरच्या बादशहानं महारांना 52 हक्कांची सनद दिली म्हणतात. कशाबद्दल? अमृतनाक नावाच्या महारानं बादशहाची पळवून नेलेली बेगम सोडवून आणली. जाण्याआधी त्यानं बादशहाकडं एक डबी ठेवली होती. परतल्यावर संशय निघाला. डबी उघडली, तर आत त्यानं स्वतःच कापून ठेवलेलं पुरुषत्व. ही कथा आपल्या म्हाताऱ्यांनी अभिमानानं सांगितली. तिचा इतिहास इतिहासवाले बघतील. पण कथा म्हणून ती काय सांगते? पराक्रम झाला होता, बेगम सुखरूप आली होती, तरी भरवसा नव्हता. इमानीपणाचा पुरावा असाच मागतात. किती कमावलंस ते विचारत नाहीत, स्वतःला किती कापलंस ते विचारतात. आणि मोबदला? महारकीच्या हक्कांत मेलेल्या ढोराचं कातडंही मोजलेलं असे.

आख्यायिका सोडा, इतिहासात तरी काय झालं? 1818 मध्ये महार सैनिक कोरेगावला लढले, स्तंभावर नावं कोरली गेली. त्याच शतकाच्या शेवटी इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. गोपाळबाबा वलंगकरांना 1894 मध्ये अर्ज लिहावा लागला. इमानीपणाचा करार एकतर्फी असतो. वरच्याची सही त्यावर नसते.

म्हणून मला अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' (1959) मोठी वाटते. बाबासाहेबांच्या लेखणीलाच त्यांनी ती अर्पण केली आहे. तिच्यात बाप राणोजी गावासाठी जोगणी आणतो आणि मारला जातो. गाव त्याला डोक्यावर घेतं. हे इमानीपण उदात्त आहे, पण त्याची चौकट गावानं घातलेली. पोरगा फकिरा ती चौकट मोडतो. दुष्काळात धान्य लुटतो, उपाश्यांना वाटतो. सरकारच्या दप्तरी तो दरोडेखोर. शेवटी तो हजर होतो ते धरून ठेवलेल्या आपल्या माणसांसाठी. बाप इमानी, पोरगा इमानदार. एका पिढीत शब्द बदलला, ही या कादंबरीची खरी झेप आहे. आपल्या कवितेनं इथून पुढं जायचं होतं. आपण मागं वळतो आहोत.

मेख अशी की दोन्ही शब्दांचा उलटा शब्द एकच, बेइमान. इमानदार माणूस धन्याला 'नाही' म्हणाला की धनी त्याला बेइमान ठरवून मोकळा. वर म्हण तयारच, खाल्ल्या मिठाला जाग. मीठ कोणी कोणाचं खाल्लं? वर्षभर राबला कोण आणि खळ्यावरचं उरलंसुरलं उचललं कोणी? मुकादमाला कामगारांची नावं पुरवणारा मुकादमाचा मोठा इमानी असतो. संप संपेपर्यंत गेटवर उभा राहतो तो इमानदार.

हे चळवळीलाही लागू आहे. 1957 मध्ये रिपब्लिकन पक्ष झाला, थोड्याच वर्षांत फुटला. 1972 मध्ये पँथर झाली, 1974 मध्ये फुटली. प्रत्येक फुटीत दोन्ही बाजूंची शिवी तीच, बेइमान. वाद कशावर आहे हे विचारणाराही त्याच शिवीत गेला. बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीत बजावलं होतं. कितीही थोर माणूस असो, त्याच्या पायाशी आपलं स्वातंत्र्य ठेवू नका. कृतज्ञता जरूर असावी, पण अब्रू विकून नाही. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडं नेते. ज्यानं हे सांगितलं त्याच्याशीच आपण 'इमानी' राहतो म्हणायचं, हा त्याच्या शिकवणीचा अपमान आहे. त्याच्या विचाराशी इमानदार राहणं वेगळं. त्यात वाचावं लागतं, प्रश्न विचारावे लागतात, प्रसंगी आपल्याच पुढाऱ्यापुढं उभं राहावं लागतं.

तेव्हा कवी मित्रांनो, पुढच्या अंकाला कविता पाठवताना एवढं करा. ओळीत 'इमानी' आला की थांबा आणि विचारा, कोणाचा? उत्तरात धनी निघाला, मग तो कितीही जवळचा असो, तर शब्द खोडा.