न कळणारी प्रेमगीते

नॅट किंग कोलला स्पॅनिश येत नव्हते. मलाही येत नाही. त्यामुळे आमचे उत्तम जमते.

१९५८ साली या अमेरिकन जॅझ गायकाची ‘कोल एस्पान्योल’ ही तबकडी निघाली. साथीला हवानाचे वादक, शब्द नुसते उच्चारावरून पाठ केलेले. स्पॅनिश शिकलेला माझा एक मित्र ती ऐकताना दाढ दुखत असल्यासारखा चेहरा करतो. “अरे, हा ‘र’ आहे का? स्पॅनिश ‘र’ कसा घोळवायचा असतो!” असेल बुवा. पण मंगलाष्टके म्हणताना आपल्या काकांना तरी कुठे सगळा अर्थ ठाऊक असतो?

‘एल बोदेगेरो’त मात्र मित्राचे खरे आहे. वाण्यावरचे ते चाचाचा गाणे. तिथे दुकानदाराचा मिस्कीलपणा हवा, आणि कोल गिऱ्हाइकासारखा अदबीने उभा! पण ‘किसास, किसास, किसास’ ऐका. किसास म्हणजे कदाचित. कशालाही ‘कदाचित’ हेच उत्तर मिळणारा प्रियकर कसा गाईल? असाच, पाय घसरेल म्हणून एकेक अक्षर जपत.

हे मी मित्राला पटवून दिले. तो म्हणाला, “कदाचित.”