एक लाख उत्तरं, पण प्रश्न नक्की कोणता?



पीएचडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "सॅम्पल किती घेऊ?" आज ज्या अभ्यासाबद्दल लिहितोय, त्यात सॅम्पलची अजिबात कमतरता नाही. तरीही त्याचे सगळे निष्कर्ष मला पटले नाहीत. का, ते बघू.

अमेरिकेत यूसीएलए विद्यापीठातल्या अलेक्झांडर अ‍ॅस्टिन, हेलन अ‍ॅस्टिन आणि जेनिफर लिंडहोम यांनी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांची धार्मिक आणि आध्यात्मिक ओळख अभ्यासली. २००४ मध्ये २३६ कॉलेजांतल्या १,१२,२३२ विद्यार्थ्यांनी प्रश्नावली भरली. २००७ मध्ये, तिसऱ्या वर्षाला असताना, त्यातल्या १३६ कॉलेजांमधल्या १४,५२७ जणांनी ती पुन्हा भरली. २०११ मध्ये यावर 'कल्टिव्हेटिंग द स्पिरिट' हे पुस्तक आलं. मुख्य निष्कर्ष असा की, कॉलेजच्या काळात प्रार्थनेला जाणं कमी होतं, पण जगण्याचा अर्थ शोधायची ओढ वाढते. शिवाय आध्यात्मिक वाढ मानसिक स्वास्थ्याला पोषक ठरते.

आधी चांगलं काय ते सांगतो. धर्म आणि अध्यात्म त्यांनी वेगळं मोजलं: पाच मापं अध्यात्माची, पाच धर्माची. आणि त्याच मुलांना दोनदा गाठलं. हे दिसतं तितकं सोपं नसतं.

आता अडचणी.

पहिली अडचण मापाची. अध्यात्माच्या पाच मापांत एक आहे मनाची समतोल अवस्था. म्हणजे काय, तर मन शांत वाटणं, आयुष्य बऱ्या दिशेने चाललंय असं वाटणं. आता सांगा, ज्याचं मन शांत आहे त्याचं मानसिक स्वास्थ्य चांगलं निघणारच ना? कारण आणि परिणाम दोन्हीकडे जवळजवळ तीच गोष्ट मोजली, तर संबंध सापडणं हा शोध नाही. अध्यात्माच्या मापांमधला हा घोळ हॅरॉल्ड केनिग यांनी २००८ मध्येच दाखवला होता.

दुसरी अडचण तुलनेची. आम्ही लॅबमध्ये स्पेक्ट्रोफोटोमीटरवर आधी ब्लँक लावतो, मगच रीडिंग घेतो. इथे ब्लँक म्हणजे कॉलेजला न गेलेली त्याच वयाची मुलं. ती या अभ्यासात नाहीत. मग झालेला बदल कॉलेजमुळे की वयामुळे, हे कसं कळणार? योगायोगाने २००७ मध्येच युकर, रेग्नेरस आणि वालर यांचा पेपर आला. त्यात कॉलेजला न गेलेल्या मुलांमध्ये धर्मापासून दूर जाण्याचं प्रमाण उलट जास्त दिसलं!

तिसरी अडचण मात्र माझीच. शिक्षणशास्त्रात पीएचडी करणाऱ्या एका मैत्रिणीसाठी मी अशाच प्रश्नांचं मराठी भाषांतर केलं होतं. फार विचार न करता 'स्पिरिच्युअल'ला 'आध्यात्मिक' लिहून मोकळा झालो. होस्टेलवरच्या पहिल्या वर्षाच्या एका मुलाला सहज विचारलं, "तू स्वतःला आध्यात्मिक समजतोस का?" तो हसून म्हणाला, "दादा, ते रिटायर झाल्यावर." हाच मुलगा दर आषाढीला आजीबरोबर वारीचे दोन टप्पे चालतो. परीक्षेच्या आधी रात्री गच्चीवर बसून "हे सगळं कशासाठी करायचं?" असंही विचारतो. माझ्या प्रश्नावलीत त्याची नोंद 'नाही' अशी झाली असती. असे तीनशे फॉर्म भरून घेतले असते, तर तीनशे चुका टेबलात व्यवस्थित मांडल्या असत्या. मैत्रिणीने तो शब्द काढला आणि मुलं काय करतात, काय विचारतात, हे विचारायला सुरुवात केली.

म्हणून सिनॉप्सिस लिहिण्याआधी तीन गोष्टी तपासा. तुमचं माप तेच मोजतंय का, जे तुम्ही म्हणताय? तुमचा ब्लँक कुठे आहे? आणि तुमचा शब्द समोरच्या मुलाच्या कानाला कसा ऐकू येतो? यासाठी आधी पाच-दहा जणांशी नुसतं बोला.

सॅम्पलचा आकडा त्यानंतर ठरवा. तुमच्या प्रश्नावलीत असा एखादा शब्द अडला असेल, तर खाली नक्की लिहा.