ध्वनिमुद्रण कुणाच्या नावावर?

मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी करार झाला की गायकाच्या हाती आगाऊ रक्कम पडते आणि घरच्यांना वाटतं, नशीब उघडलं. प्रत्यक्षात ते कर्ज असतं. स्टुडिओचं भाडं, व्हिडिओ, जाहिरात यांतलं बरंचसं त्याच्याच रॉयल्टीतून आधी वळतं होतं. उरलं तर त्याचं. तमाशाच्या फडात हंगामाआधी घेतलेल्या उचलीसारखाच हा प्रकार. पण उचल फिटली की कलावंत मोकळा होतो. इथे पै-पै फिटल्यावरही मूळ ध्वनिमुद्रण बहुधा कंपनीचंच राहतं. म्हणून कंपनीबाहेरच्या प्रत्येक मार्गाला मी दोनच प्रश्न विचारतो: ध्वनिमुद्रण कुणाच्या नावावर, आणि श्रोत्याचा पत्ता कुणाकडे?

यांतला पहिला मार्ग इंटरनेटवरच्या लोकवर्गणीचा. तिचं श्रेय सहसा २००९ साली निघालेल्या किकस्टार्टर या संकेतस्थळाला दिलं जातं. त्याच्या कितीतरी आधी, १९९७ मध्ये, मॅरिलियन या ब्रिटिश बँडला अमेरिकेचा दौरा परवडेना, तेव्हा चाहत्यांनीच इंटरनेटवरून सुमारे ६० हजार डॉलर जमवले. बँडने ही गोष्ट नीट लक्षात ठेवली. त्यांचा २००१चा अल्बम सुमारे १२ हजार जणांनी ध्वनिमुद्रणाआधीच विकत घेतला.

मला यांतलं सर्वांत शहाणं उदाहरण वाटतं ते न्यूयॉर्कच्या जॅझ संगीतकार मारिया श्नायडर यांचं. मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहायचं म्हणजे सतरा-अठरा वादक आणि महागडा स्टुडिओ. अशा संगीतावर पैसे लावायला कंपन्या फारशा उत्सुक नसतात. श्नायडर यांनी आर्टिस्टशेअर या संकेतस्थळावर नुसता अल्बम विकला नाही, तो घडताना पाहण्याची संधीही विकली. रचना कुठे अडली, कशी सुटली, तालमीत काय बदललं, हे वर्गणीदारांना दिसत राहिलं. ‘कॉन्सर्ट इन द गार्डन’ दुकानांत गेलाच नाही, तरी २००५ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. २०२०च्या ‘डेटा लॉर्ड्‌स’पर्यंत त्या याच वाटेने गेल्या. दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्यांच्या बाजूने आहेत. ख्याल ऐकणाऱ्याला यातलं मर्म सांगावं लागू नये. बंदिश घोटली जाताना ऐकायला मिळावी म्हणून जाणकार रसिक एरवी काय काय खटपटी करतात!

गायिका अमांडा पामर यांचं किकस्टार्टरवरचं २०१२चं यश अधिक गाजलं. मागितले एक लाख डॉलर, मिळाले जवळजवळ बारा लाख, तेही सुमारे २५ हजार जणांकडून. पुढे दौऱ्यात स्थानिक वादकांना बिनपैशाने वाजवायला बोलावल्यावरून गदारोळ झाला आणि मानधन द्यावं लागलं. गदारोळ योग्यच होता. मात्र त्या नादात एक गोष्ट नजरेआड झाली. पामर यांचे चाहते त्यांच्या आधीच्या ‘ड्रेस्डन डॉल्स’ या बँडच्या दिवसांपासूनचे होते. लोकवर्गणी नवख्याला चाहते मिळवून देत नाही, असलेल्यांकडून पैसे गोळा करून देते. शिवाय मधला दलाल बुडाला तर? प्लेजम्युझिक २०१९ मध्ये कोसळलं तेव्हा चाहत्यांचे पैसे कितीतरी कलाकारांपर्यंत पोचलेच नव्हते.

स्पॉटिफायला मी निधीचा मार्ग मानतच नाही. २०२४पासून वर्षभरात हजारदाही न वाजलेल्या गाण्याला तिथे ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी नाही, आणि ऐकणारा कोण हेही गायकाला कळत नाही. त्यामानाने बँडकॅम्प हे सरळ दुकान आहे. डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के कापतं. पण २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोनदा त्याची मालकी बदलली आणि निम्म्याच्या आसपास कर्मचारी गेले, त्यामुळे त्याच्यावरही किती विसंबावं हा प्रश्नच.

भारतात घोडं पैसे चुकते करण्यापाशीच अडतं. बँडकॅम्पचे पैसे पेपॅलमार्गे येतात, आणि पेपॅलने १ एप्रिल २०२१पासून देशांतर्गत व्यवहार बंद केले. म्हणजे पुण्यातल्या श्रोत्याला पुण्यातल्याच वादकाचा अल्बम तिथून घेणं कठीण. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांवर रिझर्व्ह बँकेचे नवे नियम आले. हेतू ग्राहकाच्या रक्षणाचा. पण चाहते कलाकाराला दरमहा पैसे देतात त्या पेट्रियनवरची वर्गणी त्यात अडखळली. केंद्राची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती महिना पाच हजारांची. तेवढ्यात शिकणं कसंबसं निभतं, अल्बम होत नाही. बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्‌स चांगलं काम करतं, पण तिथे प्रकल्पाचा अर्ज इतक्या नेमकेपणाने लिहावा लागतो की मैफिलीतल्या गवय्याचा धीरच सुटावा.

गायिका शुभा मुद्गल आणि तबलावादक अनीश प्रधान यांनी २००३ मध्ये अंडरस्कोर रेकॉर्ड्‌स सुरू केलं, ते हक्क कलाकाराकडे ठेवण्याच्या आग्रहाने. त्या वाटेवर गर्दी झाली नाही, याचं आश्चर्य वाटतं. कारण महाराष्ट्राला वर्गणीची सवय नाही असं कुणी म्हणू शकणार नाही. कोल्हापूरच्या देवल क्लबपासून गावोगावच्या म्युझिक सर्कलपर्यंत सभासदांच्या पैशांवर मैफिली होत आल्या आहेत. मराठी प्रकाशक जाडजूड ग्रंथांसाठी प्रकाशनपूर्व सवलतीत नोंदणी घेतात आणि त्या पैशांतून छपाई उभी राहते. एखाद्या सर्कलने गायकाच्या पुढच्या ध्वनिमुद्रणासाठी अशी नोंदणी घ्यायला काय हरकत आहे? यूपीआय आहे, पेपॅल मध्ये येत नाही. फक्त सभासदांचे पत्ते असलेली वही गायकालाही दाखवावी लागेल, आणि ध्वनिमुद्रण त्याच्या नावावर राहील हे आधीच कागदावर लिहावं लागेल.