'डोंबिवली फास्ट' : घर, अंतर आणि संताप

निशिकांत कामत यांचा 'डोंबिवली फास्ट' हा चित्रपट २००५ साली प्रदर्शित झाला, त्यास आता वीस वर्षे उलटून गेली. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास लाभला, तमिळमध्ये त्याची पुनर्निर्मिती झाली आणि 'सामान्य माणसाचा संताप' या शब्दांत त्याची समीक्षा जणू कायमची बंदिस्त झाली. भ्रष्ट व्यवस्था आणि तिच्याविरुद्ध क्रिकेटची बॅट उगारणारा बँक कर्मचारी माधव आपटे, एवढ्यावरच बहुतेक विवेचन थांबते. परंतु या चित्रपटाचे शीर्षक नायकाचे नाही, संतापाचे नाही, तर एका आगगाडीचे आहे. या गाडीविषयी चित्रपट काय सांगतो आणि काय सांगावयाचे टाळतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचारास निमित्त झाले ते वर्गातील एका प्रश्नाचे. आमच्याकडील विद्यार्थी भांडगाव, यवत, खुटबाव, केडगाव या परिसरातील. साहित्य आणि चित्रपट यांच्या संबंधावर बोलताना हा चित्रपट त्यांना दाखविला. नंतरच्या चर्चेत एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, त्याला तर थोड्या-थोड्या वेळानं गाडी आहे. मग एवढं चिडायला काय झालं?" वर्ग हसला, मीही हसलो. पण घरी परतल्यावर लक्षात आले की, चित्रपटाच्या वर्मावर त्या मुलीनेच बोट ठेवले होते. डोंबिवलीपासून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस साधारण अठ्ठेचाळीस किलोमीटर. भांडगावहून पुणेही जवळजवळ तेवढेच. अंतर सारखे, अनुभव मात्र वेगळे.

चित्रपटाचा प्रारंभ मराठी चित्रपटसृष्टीतील उत्तम प्रारंभांपैकी एक होय, असे मला वाटते. सकाळची तीच उठाठेव, तोच डबा, तोच जिना, तेच फलाट, तीच गर्दी, आणि संध्याकाळी तोच क्रम उलट्या दिशेने. हे तुकडे पुन्हा पुन्हा, वाढत्या वेगाने पडद्यावर येतात. येथे कोणी खलनायक नाही, कोणी लाच मागत नाही. केवळ एक माणूस घरापासून कामापर्यंत आणि कामापासून घरापर्यंत वाहून नेला जात आहे. त्याचे आयुष्य जेथे झिजते ते ठिकाण संकलकाने अचूक दाखविले आहे. यानंतर मात्र कथानक रुळ बदलते. शीतपेयाच्या बाटलीवर छापील किमतीपेक्षा अधिक पैसे मागणारा दुकानदार येतो आणि तेथून आपटे एकेका अन्यायकर्त्याला गाठत जातो. या प्रत्येक अन्यायाला चेहरा आहे. दुकानदाराला आहे, वर्दीला आहे, खुर्चीतल्या माणसालाही आहे. अंतराला चेहरा नसतो, त्यावर बॅट चालवता येत नाही. त्यामुळे ज्याने आपटेला मुळात इतका झिजविला, तो प्रतिपक्ष कथेतून निसटतो. त्याला डोंबिवलीस कोणी धाडले, हा प्रश्न नायकही विचारीत नाही आणि पटकथाही नाही.

हा प्रश्न मराठी चित्रपटाने पूर्वी विचारला नव्हता असे नाही. राजा ठाकूर दिग्दर्शित 'मुंबईचा जावई' (१९७०) व. पु. काळे यांच्या कथेवर आधारलेला आहे. वपु व्यवसायाने वास्तुविशारद आणि मुंबई महानगरपालिकेच्या सेवेत होते, हा योगायोग दुर्लक्षिण्याजोगा नाही. मोकळ्या घरातून आलेली सून चाळीतल्या अपुऱ्या जागेत येते आणि नवविवाहितांना एकांत मिळेना, एवढ्याशा पेचावर चित्रपट उभा आहे. पुढे बासू चटर्जींनी 'पिया का घर' (१९७२) या नावाने तो हिंदीत नेला. त्यातील उत्तर भाबडे आहे. कुटुंबाच्या मायेपुढे जागेची अडचण विरघळून जाते. पण भाबडेपणातही त्या चित्रपटाचे एक भान पक्के आहे, ते म्हणजे घराची टंचाई हाच त्याचा विषय आहे. दोन्ही चित्रपट शेजारी ठेवले म्हणजे पस्तीस वर्षांत मध्यमवर्गाने केलेला सौदा स्पष्ट दिसू लागतो. १९७० च्या जोडप्याजवळ खोली नव्हती, २००५ च्या जोडप्याजवळ खोली आहे पण वेळ नाही. जागेची किंमत तासांत चुकती केली गेली. 'डोंबिवली फास्ट' ही त्या सौद्याची पावती आहे, मात्र पावतीवरील रक्कम चित्रपट मोठ्याने वाचीत नाही.

'फॉलिंग डाऊन' (१९९३) या अमेरिकी चित्रपटाशी याचे साम्य अनेकांनी दाखविले आहे. अनुकरणाचा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही, भेद अधिक बोलका आहे. लॉस एंजेलिसचा नायक वाहनकोंडीत मोटार सोडून पायी चालू लागतो. आपटेला ती चैन नाही. लोकलमधून मध्येच उतरून घरी चालत जाता येत नाही. म्हणूनच की काय, त्याची गोष्ट संपतेही लोकलच्या डब्यातच.

जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकाचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरणगावातील एका खोलीत एक कुटुंब कसे उसवत जाते, हे नाटक दाखविते. रंगमंचावर प्रवास नाही. गिरणी चालण्याच्या अंतरावर होती, आता तिचा भोंगाच थांबला आहे. पवारांचे मोठेपण असे की खोलीबाहेरची अर्थव्यवस्था ते खोलीतल्या भांडणांतून ऐकवितात. गिरण्यांच्या जमिनींवर पुढे काय उभे राहिले ते परळ-लोअर परळला जाऊन पाहता येते. आणि गिरणी कामगारांच्या घरांचे काय झाले? त्यांतील अनेकांसाठी शेलू आणि वांगणी ही ठिकाणे पुढे आली. दोन्ही कर्जत मार्गावरची, डोंबिवलीच्याही कितीतरी पलीकडची. जुलै २०२५ मध्ये कामगार व त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले, ते घर मुंबईतच हवे ही मागणी घेऊन. घर मिळत असताना हे लोक नाही का म्हणतात, असे विचारणाऱ्यांना अंतर हाही घराचाच भाग असतो हे ठाऊक नसावे. 'अधांतर'च्या पुढचा अंक लिहावयाचा झाल्यास तो एखाद्या गाडीच्या दरवाजात घडेल.

हे विधान आलंकारिक नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींजवळून जात असताना दारात लोंबकळणारे प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांपैकी काही मृत्युमुखी पडले. मार्ग डोंबिवलीचाच. त्यानंतर लोकलला आपोआप बंद होणारे दरवाजे बसविण्याची घोषणा झाली. दरवाजे हवेतच. परंतु इतकी माणसे इतक्या दूरून एकाच वेळी का निघतात, हा प्रश्न पुन्हा एकदा दाराबाहेरच राहिला.

आता विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळतो. पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बीआरटी आली, २००७ मध्ये दोन परिवहन संस्था एकत्र येऊन पीएमपीएमएल झाली, ६ मार्च २०२२ रोजी मेट्रोचे पहिले टप्पे सुरू झाले. हडपसरच्या पूर्वेस राहणाऱ्यास यांतील फारच थोडे मिळाले. पुणे-दौंड लोहमार्गाचे विद्युतीकरण झाल्यावरही २०१७ मध्ये सुरू झाली ती डिझेलवरची डेमू, कारण फलाटांची उंची विजेच्या लोकलला पुरेशी नव्हती. तारा वर आल्या, फलाट खाली राहिले. उपनगरीय दर्जाची मागणी तर जुनीच आहे. दरम्यान सोलापूर रस्त्याच्या दुतर्फा उसाच्या फडांलगत भूखंडांचे आणि गृहप्रकल्पांचे फलक उभे राहत गेले. त्यांवर पुण्याचे अंतर मिनिटांत लिहिलेले असते. कोणत्या वाहनाने, कोणत्या वेळी, हे नसते.

आमच्या विद्यार्थ्यांना माधव आपटे परका वाटतो तो यामुळे. त्याला गर्दीचा जाच आहे, यांना प्रतीक्षेचा. सकाळची गाडी चुकली की येथे अर्धा दिवस जातो; कित्येकांचे पुण्यातील शिक्षण वा नोकरी अशाच चुकलेल्या गाड्यांपाशी थांबली आहे. मराठी समीक्षेने 'महानगरीय' ही संज्ञा चाळ, लोकल, फुटपाथ अशा प्रतिमांभोवती घडविली. महानगर ज्यांच्या शेतापर्यंत येऊन ठेपले आहे पण ज्यांना महानगरापर्यंत पोहोचता येत नाही, अशांचा अनुभव त्या संज्ञेत बसत नाही, आणि 'ग्रामीण' या संज्ञेतही आता नीटसा मावत नाही. त्यांच्याकडून एखादी कथा वा पटकथा आली, तर तिच्यात 'डोंबिवली फास्ट'सारखा वेगवान प्रारंभ नसेल. रिकाम्या फलाटावरचे एक लांबलचक दृश्य असेल, आणि आपल्या अभिरुचीला ते कंटाळवाणे वाटण्याचा संभव आहे.

त्या दिवशी वर्गातील चर्चा अपुरी राहिली. प्रश्न विचारणारी विद्यार्थिनी तास संपण्यापूर्वीच परवानगी घेऊन उठली होती, तिला स्टेशन गाठावयाचे होते.