साथीचा अपूर्ण वर्तमानकाळ

कोविडवर मराठीत फारसे लिहिले गेले नाही, अशी तक्रार मी अनेकदा ऐकते. मला ती पटत नाही. २०२० च्या दिवाळी अंकांपासूनच टाळेबंदीच्या रोजनिश्या, स्थलांतरित मजुरांवरच्या कविता, निर्मनुष्य रस्त्यांची वर्णने आणि विलगीकरणातले ललित लेख यांचा ओघ सुरू झाला होता. त्या वर्षी कित्येक अंकांची पाने घटली, काही अंक तर केवळ पडद्यावर निघाले. तरी त्यांत कोविड होताच. माझी तक्रार निराळी आहे. या लेखनातला कोविड जवळजवळ नेहमी भूतकाळात असतो. तो येतो, थैमान घालतो आणि जातो. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर आपण साथ पूर्ण भूतकाळात लिहिली, आणि जगतो आहोत मात्र अपूर्ण वर्तमानकाळात.

मराठीत साथीबरोबर येणारी क्रियापदे ठरलेली आहेत. साथ येते, पसरते, ओसरते. ओसरणे हे पुराच्या पाण्याचे क्रियापद आहे. पूर ओसरल्यावर घरात जो थर बसतो त्याला आपण गाळ म्हणतो. साथ ओसरल्यावर जे मागे राहते त्याला मात्र आपल्याकडे नाव नाही. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आणीबाणी संपली, रोग नव्हे, हे त्याच वेळी सांगितले गेले होते. पण ऐकणाऱ्यांनी आपल्या सोयीचा अर्धा भाग उचलला. मागे राहिलेल्यांची यादी तशी लांब आहे. महिनोन्‌महिने न हटणारा थकवा, जिन्यावर लागणारी धाप, काळ्या बुरशीने डोळा किंवा जबडा गमावलेले चेहरे, उपचारांसाठी काढलेले कर्ज, कमावता माणूस गेलेली घरे. जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेली अनेक मुले वर्गात प्रथम बसली तेव्हा ती दुसरीत होती. यांपैकी कशालाही एक तारीख नाही. आणि ज्याला तारीख नाही ते आपल्या साहित्यात सहसा येत नाही, असे मला दिसते.

ही सवय जुनी आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि लवकरच पुण्यात पोचला. मराठी वाचकाला तो प्लेग आज कशामुळे आठवतो? रँडच्या वधामुळे. घरात घुसणारे सोजीर, चाफेकर बंधू, गणेशखिंडीचा रस्ता. नचिकेत आणि जयू पटवर्धन यांच्या चित्रपटाचे नावच मुळी एक तारीख आहे, ‘२२ जून १८९७’. तो चित्रपट चांगला आहे आणि वधाची कथा सांगण्यात काही गैरही नाही. परंतु प्लेग काही त्या रात्री थांबला नाही. पुढच्या काही दशकांत त्याने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. आपली आठवण १८९७ पाशी थांबली, कारण तिथे राजकीय घटना होती. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या, हेही आपण चरित्राचा शेवट म्हणून सांगतो. त्या ज्या रोग्यांसाठी झिजल्या, त्यांच्या घरांचे पुढे काय झाले ही गोष्ट कोणी सांगितली नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाला तर चाफेकरही मिळाले नाहीत. मराठीत त्या तापाला ‘मानमोडी’ म्हणत. मुंबई इलाख्यात त्याने गावेच्या गावे आडवी केली, आणि आज घराघरांतून उरला आहे तो प्रामुख्याने हा एक शब्द.

शेजारच्या भाषांत डोकावले की थोडा वेगळा प्रकार दिसतो. त्याच १९१८ च्या साथीत निरालांची पत्नी गेली. ते डलमऊला पोचेपर्यंत सगळे आटोपले होते, आणि गंगा प्रेतांनी भरलेली होती. हे त्यांनी लिहिले ते जवळपास वीस वर्षांनी, ‘कुल्ली भाट’ मध्ये. आणि ते पुस्तक साथीवरचे नाही. ते एका मित्राचे विनोदी, तिरकस चरित्र आहे. साथ त्यात काही पानांपुरती येते, माजघरात शिरावी तशी शिरते आणि पुढच्या हसण्यावरही तिची सावली राहते. राजिंदरसिंह बेदींच्या ‘क्वारंटीन’ या उर्दू कथेत प्लेग संपल्यावर सत्कार डॉक्टरचा होतो. भागू सफाई कामगार आहे, त्याची बायको त्या साथीत गेलेली आहे, आणि तो डॉक्टरचे अभिनंदन करायला येतो. माझ्या मते कथा खरी सुरू होते ती हारतुरे झाल्यानंतर. अनंतमूर्तींच्या ‘संस्कार’ या कन्नड कादंबरीत अग्रहारात प्रेत पडून आहे आणि त्याला अग्नी कोणी द्यायचा याचा निर्णय शास्त्रात सापडत नाही. तो शास्त्रार्थ चालू असतानाच चंद्री एका मुसलमान माणसाच्या मदतीने रात्री गुपचूप प्रेत जाळून टाकते. विधी झालाच नाही आणि काम मात्र झाले, ही अवस्था २०२१ च्या उन्हाळ्यात ज्यांनी आपली माणसे अनोळखी हातांवर सोपवली त्यांना परकी वाटणार नाही.

या तिन्ही कलाकृतींत मला एक साम्य दिसते. साथ हा त्यांचा विषय असेल वा नसेल, साथीने अर्धवट सोडलेल्या गोष्टी हा त्यांचा विषय आहे.

मी बडोद्याला राहते. एप्रिल-मे २०२१ मध्ये इथली गुजराती वृत्तपत्रे मी रोज वाचत होते. श्रद्धांजलीच्या जाहिरातींनी पानेच्या पाने भरत होती आणि बातमीदार स्मशानांत जाऊन सरकारी आकडा पडताळत होते. त्याच मे महिन्यात पारुल खख्खर यांची ‘शबवाहिनी गंगा’ ही कविता आली आणि काही दिवसांत मराठीसह अनेक भारतीय भाषांत गेली. पुढे गुजरात साहित्य अकादमीच्या मासिकाने संपादकीयातून, कवयित्रीचे नाव न घेता, ती पसरवणाऱ्यांना ‘साहित्यिक नक्षल’ ठरवले. त्या कवितेचे मोल मी कमी मानत नाही. जे सगळे पाहत होते ते तिने उच्चारले, आणि सत्तेला उद्देशून उच्चारले. तरी समीक्षक म्हणून मला म्हणावेसे वाटते की ती घटनेची कविता आहे. तिच्यात प्रेते वाहतात. काठावर उरलेले लोक ओझरते दिसतात. त्या कवितेकडून याहून वेगळी अपेक्षा करणे अन्याय होईल. पण आपण सर्व भाषांनी मिळून तिलाच कोविडची कविता मानले आणि तिच्यापाशी थांबलो.

त्याच जाहिरातींच्या पानांवर एक नवा शब्द दिसू लागला होता, ‘टेलिफोनिक बेसणुं’. बेसणुं म्हणजे मृताच्या घरी सांत्वनासाठी बसायला जाणे. घरी जाणे शक्य नव्हते म्हणून जाहिरातीत फोन क्रमांक आणि वेळ दिलेली असे. ठरलेल्या दोन तासांत फोन करायचा, दोन वाक्ये बोलायची, पुढच्याला वाट द्यायची. या प्रकारावर एखादी कथा किंवा कविता मी शोधते आहे. फोन घेणाऱ्या बाईने त्या दोन तासांत एकच वाक्य किती वेळा म्हटले असेल, आणि आज तिला फोनची घंटा कशी ऐकू येत असेल, हे प्रश्न त्या पानावर होते आणि अजून तिथेच आहेत.

हे मी तटस्थपणे लिहीत नाही. माझा थोरला भाऊ २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात गेला. मी स्वतः तापात होते. त्याचा अंत्यविधी मला भाच्याच्या फोनवर दिसला. रुग्णालयाच्या कागदावर कारण म्हणून फक्त न्यूमोनिया लिहिलेले होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ५०,००० रुपयांची मदत ठरली, तेव्हा त्या एका शब्दापायी वहिनीला अर्ज, झेरॉक्स आणि खेटे यांत वर्ष घालवावे लागले. ती आता डबे करते. पहाटे साडेचारला उठते. मागच्या दिवाळीत ती मला म्हणाली, “लोक विचारतात, काय झालं होतं त्यांना? आता काय होतंय, हे कुणी नाही विचारत.” मराठी कोविड-साहित्यावर मी वाचलेल्या कोणत्याही लेखापेक्षा ही समीक्षा मला नेमकी वाटते.

माझ्या स्वतःच्या बाबतीत झाले ते याहून किरकोळ आहे, पण ते माझ्या व्यवसायाशी निगडित आहे. बरी झाल्यावर सात-आठ महिने मला कादंबरी वाचता येत नव्हती. चाळिसाव्या पानावर आले की चौथ्या पानावरचे पात्र हरवलेले असे. अजूनही लांब वाक्याच्या शेवटी कधी कधी मागे वळावे लागते. त्या महिन्यांत मी टाळेबंदीच्या रोजनिश्या पुन्हा वाचल्या, कारण त्या तुकड्या-तुकड्यांत होत्या. त्यांतल्या बहुतेक ज्यांचे दिवस रिकामे झाले त्यांनी लिहिलेल्या आहेत, हे तेव्हा ध्यानात आले. ज्यांचे दिवस एकाएकी दुप्पट भरले, त्यांनी रोजनिशी लिहिली नाही. त्यांना अजून वेळ मिळालेला नाही.

मजुरांवरच्या कवितांचेही तेच. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. ते जालन्याहून भुसावळकडे चालत निघाले होते, आणि त्यांची घरे मध्य प्रदेशात, शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांत होती. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र सर्वांनी पाहिले, आणि त्या पोळ्या मराठी, हिंदी कवितांत इतक्या वेळा आल्या की त्यांची प्रतिमा झिजली. जिथे गाडी थांबली तिथेच कविताही थांबली. पुढचा रस्ता उमरियाला जातो. तिथल्या घरांत त्यानंतर काय चालले आहे, याविषयी आपल्या कवितेला कुतूहल नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, अशा अनुभवात काही घडतच नाही. थकवा, कर्ज, डबे यांतून कथानक कसे उभे राहणार? मराठी वाचकाने तरी हे म्हणू नये. दलित आत्मकथनांनी हाच प्रश्न आपल्याकरता सोडवून ठेवला आहे. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’ (२००३) मध्ये वडिलांचा मृत्यू लवकर होतो. पुस्तकभर चालू राहते ते आईचे टोपल्या विणणे. नवरा गेलेली बाई पुढे रोज काय करते, हे त्या विणण्यातून कळते. घटना एकदाच होते, स्थिती मात्र रोज होते. ती लिहिण्याची रीत आपल्या भाषेला ठाऊक आहे. त्याआधीही जात्यावरची ओवी होतीच. तिला कळस नसतो. पायलीतले धान्य असेपर्यंत ती चालते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. साहित्याला अंतर लागते. निरालांना वीस वर्षे लागली, मग आपण घाई का करावी? मला वाटते, यात दोन गोष्टींची गल्लत होते. घडून गेलेल्या गोष्टीसाठी थांबता येते, कारण ती आपल्या जागी स्थिर असते. चालू असलेली गोष्ट मात्र थांबलेल्याच्या हाती लागत नाही, कारण ती सवयीत मुरते. आणखी दहा वर्षांनी जिन्यावरची धाप म्हातारपणाची ठरेल, दुसरीत प्रथम वर्गात बसलेले मूल गणितात मुळातच कच्चे ठरेल, आणि वहिनी पहिल्यापासून डबेच करत होती असे शेजारी सांगतील. कागदाच्या बाबतीत तर हे होऊनही गेले आहे. २०२०-२१ मधील कोविडमुळे झालेल्या जादा मृत्यूंचा जागतिक आरोग्य संघटनेचा भारतासाठीचा अंदाज सुमारे ४७ लाख होता. तो सरकारी आकड्याच्या जवळपास दहापट होता आणि सरकारने तो फेटाळला. मोजणीची ती पद्धत कोणाला मान्य असो वा नसो, वहिनीला मिळाला तसा कागद हाती असलेली घरे किती असतील याचा विचार त्या दोन आकड्यांमधले अंतर करायला लावते.

म्हणून मला आणखी एक कोविड विशेषांक नको आहे. विशेषांकाला विषय लागतो, आणि विषय म्हटला की पुन्हा मुखपट्टी, रुग्णवाहिका आणि रिकामा रस्ता येतो. या पुढे मी वाचताना वेगळ्या जागी शोधणार आहे. एखाद्या कौटुंबिक कादंबरीतल्या कर्जाच्या हप्त्यात, ग्रामीण शाळेवरच्या कथेतल्या मागे पडलेल्या बाकावर, प्रेमकथेतल्या वास न येणाऱ्या माणसात. त्या पानावर कोविड हा शब्द नसण्याचीच शक्यता जास्त आहे. या अंकाचे वाचक अनेक भाषांत वाचतात, म्हणून त्यांच्याकडे एक मागणे. आपापल्या भाषेत असे पान आढळले तर ते कळवा. मल्याळममधले असो, ओडियातले असो की मैथिलीतले. ते मराठीत आणण्याचे काम मी अंगावर घेते. पहिल्यांदा मी ते वहिनीला फोनवर वाचून दाखवीन, दुपारी दोननंतर, डबे गेल्यावर.