आमचा पत्ता कोणी लिहिला?

आपल्या आत्मकथनांवर बोलताना दोन प्रकारची माणसं भेटतात. पलीकडचा समीक्षक म्हणतो, ही नुसती माहिती झाली, यात कला कुठाय? आपला कार्यकर्ता म्हणतो, ही आमची वेदना आहे, हिच्यावर बोलायचं काम नाही. दोघंही पुस्तक मिटून मोकळे होतात. मला म्हणायचंय ते एवढंच : ही पुस्तकं एकदा सरकारी दप्तराशेजारी ठेवून वाचा. एका हाताला पुस्तक आणि दुसऱ्या हाताला कोतवाल बुक, शाळेचं रजिस्टर, गिरणीचं मस्टर. वाचायची रीतच बदलते.

हे मला कुठल्या चर्चासत्रात सुचलं नाही. धाकट्या बहिणीला नर्सिंगच्या प्रवेशासाठी जात पडताळणी लागली. अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा मागतात. आमच्या घरात 1956 नंतरचे सगळे दाखले बौद्ध. आजोबानं पोरांना शाळेत घालताना छाती काढून तो शब्द लिहिला होता. आता त्यांच्या नातीनं सिद्ध करायचं की तिचा पणजोबा महार होता! जो शब्द आपण टाकून आलो तोच शोधत मी सूतगिरणीची तिसरी पाळी संपवून थेट तालुक्याची एस.टी. धरायचो. एका खिडकीवर म्हणाले, वाळवीनं खाल्लं. दुसरीवर म्हणाले, साहेब रजेवर. चार महिने हेच. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायच्या ठरल्या तेव्हा हीच जुनी दप्तरं उघडली गेली, मोडी वाचणारे बसवले गेले. ज्याला नोंद मिळाली त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दप्तर सापडतं का नाही, हे ते कोण मागतंय त्यावरही ठरतं, एवढं मी शिकलो.

शेवटी कोतवाल बुकात आजोबाच्या जन्माची नोंद मिळाली. बापाच्या रकान्यात पणजोबा. घरात त्याचं नाव मानानं घेतात. कागदात त्याच्या नावाला 'या' चिकटवलेला, अन् आडनावाच्या जागी जात. धोंडिरामाचा धोंड्या, सखारामाचा सख्या. सगळं पान असंच. कोरेगावच्या स्तंभावर 1818 च्या लढाईत पडलेल्यांपैकी 22 नावांच्या शेवटी 'नाक' आहे. तो नाक दगडावर राहिला. माझ्या हाती आलेल्या पानावर नुसता 'या' उरला होता.

बहिणीचं काम झालं. पण नक्कल हातात घेऊन पायरीवर बसलो तेव्हा आनंदाआधी राग आला. महारकीत काय काय कामं होती आठवा. गावचा वसूल तालुक्याला पोचवायचा, मयताची खबर गावोगाव न्यायची, शिवेच्या भांडणात साक्ष द्यायची. शेताची हद्द कुठली ते आमच्या माणसाच्या तोंडून खरं धरायचे. ज्यानं गावाचा कागद डोक्यावरून वाहिला त्याचंच नाव त्या कागदात धड लिहिलेलं नाही.

आता साहित्याकडं येतो. मराठीत कुलवृत्तांत नावाचा एक प्रकार आहे. जाडजूड ग्रंथ. मूळ पुरुष, त्याचं गाव, शाखा, कोण कुठं नोकरीला, सून कुठल्या घरची. आधाराला वतनाच्या सनदा, तीर्थक्षेत्रातल्या उपाध्यायांच्या वह्या. ज्या काळारामाच्या दारात 1930 साली आपल्या लोकांना सत्याग्रह करावा लागला त्या नाशकात कुणाच्या वहीत मी माझा मूळ पुरुष शोधू? वतन आपल्यालाही होतं म्हणा, पण ते राबायचं वतन. 1958 च्या कायद्यानं ते गेलं. बाबासाहेब त्यासाठी किती आधीपासून भांडत होते हे तुम्हाला माहीत आहे.

मग आपल्याकडं कुलवृत्तांताच्या जागी काय आलं? आत्मकथन आलं. आणि कवितासुद्धा. नामदेव ढसाळांच्या 1972 च्या संग्रहाचं नावच 'गोलपिठा'. माधव कोंडविलकरांच्या 1979 च्या पुस्तकाचं नाव 'मुक्काम पोस्ट देवाचे गोठणे'. पाकिटावर लिहायचा पत्ता पुस्तकाच्या कपाळावर आला. ज्याचा वाडा पाच पिढ्या जागेवर आहे त्याला आपला पत्ता ओरडून सांगावा लागत नाही.

'बलुतं' (1978) घ्या. दगडू मारुती पवार आपली कथा दया पवारला सांगतो. एकाच माणसाची दोन नावं समोरासमोर बसलीत. याला निवेदनाचं तंत्र म्हणून सोडून देऊ नका. एक नाव व्यवस्थेनं लादलेलं, दुसरं माणसानं निवडलेलं, ही आपल्या घराघरातली गोष्ट आहे. शरणकुमार लिंबाळ्यांच्या 'अक्करमाशी'त (1984) बापाच्या नावाचा रकाना हाच सगळा पेच आहे. लक्ष्मण मानेंच्या 'उपरा'त (1980) बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणारा कैकाडी. त्याचं मुक्काम पोस्ट काय लिहिणार? आणि लक्ष्मण गायकवाडांचा 'उचल्या' (1987) वाचताना ध्यानात ठेवा की 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून 1952 पर्यंत कित्येक जमातींची सरकारी नोंद म्हंजे पोलिसातली हजेरी होती. त्यांनी आपला वंश कुठं शोधायचा, तर चौकीत! ही पुस्तकं रिकाम्या रकान्यांना दिलेली उत्तरं आहेत. त्यांना नुसती माहिती म्हणणाऱ्यानं आपला जन्मदाखला कधी चार महिने शोधलेला नसतो.

मस्टरही असंच वाचायला शिका. मुंबईच्या गिरण्यांत आपला माणूस बहुतेक रिंग खात्यात सापडतो, साचेखात्यात नाही. का? धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, अन् आमचं उष्टं दुसऱ्या विणकराला चालत नव्हतं. साचेखात्यात पगार जास्त. बाबासाहेबांनी 1928 च्या संपात हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला होता. म्हंजे मस्टरवर जात लिहिलेली नसली तरी खातं बघून ती वाचता यायची. माझा आजोबा रिंग खात्यात होता. मी आज दुसऱ्या गावच्या गिरणीत रिंगवरच उभा आहे.

हे झालं दुसऱ्यांचं. आता आपल्यावर येतो. अलीकडची आपली कितीतरी आत्मकथनं मी पाळी संपल्यावर वाचतो. दुःख भरपूर, पण चाळीचा नंबर नाही, साल नाही, आईला नाव नाही. 'माझी माय' म्हटलं की संपलं. मायेला नाव नसतं काय? तिचं माहेर कुठलं, ती कुठल्या मोर्चात होती? बेबीताई कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' 1986 चं. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' 1989 चं. या दोघींनी आंबेडकरी चळवळीतल्या बायांचा माग काढला, त्यांच्या घरी जाऊन बसून ऐकलं. लग्नात बाईचं नाव बदलतं, गाव बदलतं, पत्ता बदलतो, आणि सरकारदरबारी वंश धरतात तो बापाकडून. अशा कामाला मी पहिल्या दर्जाचं साहित्य म्हणतो. आपल्या सभांत त्या पुस्तकाचं नाव किती वेळा ऐकलंत?

काही जण म्हणतील, दप्तर ब्राह्मणी आहे, त्याच्या मागं कशाला लागायचं, आपली आठवण पुरे. मला हे पटत नाही. आठवण म्हातारीबरोबर जळते. दप्तर खोटं बोलतं, पण साल सांगतं. दोन्ही समोरासमोर उभं केलं की खोटं कुठं ते दिसतं. 7 नोव्हेंबर 1900 ला साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव 1914 क्रमांकापुढं चढलं. ते पान आज जपून ठेवलंय, कारण तो पोरगा पुढं बाबासाहेब झाला. त्याच काळात शाळेच्या पडवीत बसलेल्या बाकीच्या पोरांची पानं कुठायत?

घाई करायला हवी. बी.डी.डी. चाळी वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून 207 होत्या. 1974 च्या जानेवारीत वरळीच्या चाळींनी पँथरच्या पोरांवरचे दगड बघितले. त्या चाळी आता पाडून टॉवर उभे राहतायत. चाळ पडली की खोली नंबर गेला, अन् खोली नंबर गेला की कोण कुणाच्या शेजारी राहत होतं तेही गेलं. गिरणी कामगाराच्या घरासाठी 1 जानेवारी 1982 ला मस्टरवर असल्याचा पुरावा लागतो, तेव्हा जुनी कार्डं ट्रंकेतून निघतात. घर लागलं नाही तरी ती कार्डं फेकू नका.

शेवटी एक गोष्ट. बहिणीच्या कामाला आजीच्या नोंदीची गरज नव्हती. कुणी मागितली नव्हती. तरी एका सुट्टीला मी तिच्या माहेरच्या गावचं कोतवाल बुक काढायला लावलं. 1941 चं पान. बापाचं नाव, जात, तारीख, आणि पुढं नुसतं 'मुलगी'. तिच्या आईचा तर उल्लेखच नाही. रेशनकार्डावर ती 'पत्नी' होती. बाई ऐंशी वर्षं पार करून बसलीय आणि सरकारच्या पहिल्या कागदात तिला नाव नाही.

घरी येऊन तिला सांगितलं. ती हसली. म्हणाली, "आरं, नाव बाराव्या दिशी ठेवत्यात. त्यो लिवणारा कशाला थांबंल?" मग तिनं आपल्या आईचं नाव सांगितलं. आईच्या आईचंही. मी गिरणीच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं लिहून घेतलं, गाव आणि साल घालून. तिच्यापुढचं तिला आठवेना.

तुमच्या घरात अशी कुणी म्हातारी असेल तर या रविवारी मीटिंगला उशीर झाला तरी चालेल. वही घेऊन तिच्यापुढं बसा.

जय भीम.