दोन खाद्यसंस्कृती, एक ओळख : ‘दिशूम’चे परीक्षण

दोन खाद्यसंस्कृती एकत्र आणणाऱ्या रेस्तराँसाठी बोधचिन्ह काढा म्हटले, की बरेच जण अर्ध्या भागात एका देशाचे चिन्ह आणि अर्ध्यात दुसऱ्याचे काढतात. याला बेरीज म्हणता येईल, ओळख नव्हे.

२०१० मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागात सुरू झालेले ‘दिशूम’ पाहा. नाव हिंदी चित्रपटांतल्या ठोशाच्या आवाजाचे, रूप मुंबईच्या इराणी हॉटेलाचे. ताटल्यांवरसुद्धा त्या हॉटेलांच्या आठवणी छापलेल्या आहेत. मग ब्रिटन कुठे आहे? ते पदार्थात आहे. न्याहारीचा बेकन नान रोल म्हणजे ब्रिटिशांचे बेकन सँडविच, फक्त पावाऐवजी तंदुरी नान. सजावट एकाच जागेची गोष्ट सांगते आणि मिश्रण ताटात होते, म्हणून ओळख एकसंध वाटते. रचना म्हणून हे उत्तम काम आहे.

तरीही एक उणीव लक्षात घ्या. इराणी हॉटेल केवळ संगमरवरी टेबलांमुळे ओळखले जात नव्हते. चहा आणि बनमस्क्याच्या पैशांत कारकून, टॅक्सीवाला आणि विद्यार्थी तिथे शेजारी शेजारी बसत. हा गुण दरपत्रकातून येतो, सजावटीतून नाही. ‘दिशूम’ने रूप लंडनला नेले, तो स्वस्तपणा नेता आला नाही. इकडे मुंबईतली मूळ हॉटेले मात्र एकेक करून बंद होत गेली.

म्हणून तुमच्या प्रकल्पात रंग आणि अक्षरवळण ठरवण्याआधी एक प्रश्न सोडवा : ज्यांच्या आठवणी आपण वापरतो आहोत, त्यांना इथे जेवण परवडेल का?